साडी नदीला, मूर्ती काशीबेनना

विनोबा भावे यांच्या आई रुक्मिणीबाई १९१८ साली गेल्या. त्यांच्या मागे राहिलेल्या वस्तूंपैकी दोन विनोबांनी स्वतःजवळ ठेवून घेतल्या. एक आईची साडी, आणि दुसरी आई रोज न चुकता जिची पूजा करायची ती अन्नपूर्णेची मूर्ती. साडीची घडी करून ते उशाला घेत. एक-दोन दिवस नव्हे, पुष्कळ काळ.

खरं तर वस्तूंचा मोह नसलेला माणूस अशी विनोबांची तरुणपणापासूनची ख्याती. १९१६ साली, घर सोडण्याच्या थोडं आधी, बडोद्याच्या घरात त्यांनी आपली शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं चुलीत घातली. आई शेजारीच बसलेली. आता लागत नसतील, पण राहिली तर काय बिघडतं, अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणाली. ‘राहू दे, लागेल कधीतरी’ या एका वाक्यावर घरोघरचे माळे भरत आले आहेत. विनोबांनी तिचं ऐकलं नाही. पण प्रमाणपत्रं जाळणाऱ्या त्याच मुलाला दोन वर्षांनी आईची साडी टाकवेना.

साडी सुटली ती पुढे, खादीचं व्रत घेतल्यावर. ती खादीची नव्हती. विनोबा साबरमतीवर स्नानाला गेले आणि त्यांनी ती प्रवाहात सोडली. मूर्तीचा प्रश्न वेगळा होता. ध्यानासाठी म्हणून त्यांनी ती जवळ ठेवली होती, पण आईच्या हातून होत असे तशी नित्याची पूजा त्यांच्याकडून होत नव्हती. गांधीजींच्या साबरमती आश्रमात छगनलाल गांधींच्या पत्नी काशीबेन होत्या, मोठ्या भाविक. विनोबांनी त्यांना विचारलं, हिची पूजा कराल का? काशीबेननी आनंदाने होकार दिला आणि अन्नपूर्णा त्यांच्या घरी गेली.

एकाच आईच्या या दोन आठवणी, दोन निराळ्या वाटांनी गेल्या. वस्तू तीच राहते, पण ती कुणाकडे जाते यावर मनाला ती किती हलकी वाटेल हे ठरतं. विनोबांचं पुढचं सगळं आयुष्य ज्याच्याशी बांधलं गेलं त्या वर्धा जिल्ह्यात अशा गोष्टी एक-दोन नाहीत. सोडणं म्हणजे काय, याचे इतके प्रयोग एवढ्या लहान परिसरात क्वचितच कुठे झाले असतील. दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला काढणाऱ्या कुणालाही त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आवरायला काढलेलं घर कसं दिसतं ते सांगायला नको. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, कुठलंही गाव घ्या. जुन्या घरात माळा असतो, नव्या फ्लॅटमध्ये बाल्कनीचा अर्धा भाग किंवा दिवाणाचा पोटातला कप्पा. त्यातून आधी निघतात ती तुटकी प्लॅस्टिकची टोपली, बिघडलेला मिक्सर, कुलरच्या जुन्या जाळ्या, मुलांची दहावीची गाईडं. हे सामान भंगारवाल्याच्या गाडीत जाताना कुणाचं काळीज हलत नाही. मग खालून पत्र्याची ट्रंक निघते आणि काम थांबतं. तिच्यात सासऱ्यांचं बंद पडलेलं एचएमटी घड्याळ असतं, निळ्या आंतरदेशीय पत्रांचा जुडगा असतो, ‘अभिनंदन’ किंवा ‘लवकर निघा’ सांगणारी तार असते. लग्नाची व्हिडिओ कॅसेट असते. कधीकधी एखादी साखरपुड्याची अंगठी असते, जी पुढे लग्नापर्यंत पोचली नाही. दुपारचे चार वाजतात, ट्रंक होती तशी बंद होते आणि परत माळ्यावर चढते.

यात कुणाचा आळस नाही. हातात आलेली वस्तू माणसाला लगेच अधिक मोलाची वाटू लागते, हे अर्थशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवलं आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा १९९० सालचा प्रयोग यात प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचे साधे मग देऊन टाकले, दुसऱ्या गटाला दिले नाहीत. मग विकायचा झाला तर काय भाव घ्याल आणि विकत घ्यायचा झाला तर काय द्याल, असं विचारलं. मिळाल्याला काही मिनिटंच झाली होती, तरी मग असलेल्यांनी मागितलेली किंमत दुसऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या आसपास होती. चार मिनिटांच्या मगाची ही गत, तर चाळीस वर्षांच्या पत्राला भाव कसा लावणार?

सेवाग्रामची बापूकुटी बघायला आलेल्या एका परदेशी विचारवंताने या प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिलं. इव्हान इलिच जानेवारी १९७८ मध्ये एका परिषदेसाठी सेवाग्रामला आले होते. कुडाच्या भिंती, मातीची जमीन आणि कौलांच्या त्या झोपडीत ते काही वेळ बसून राहिले आणि मग परिषदेत तिच्याविषयीच बोलले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला आले, तेव्हा आपल्यासाठी बांधायच्या घराला शंभर रुपयांहून अधिक खर्च येऊ नये आणि साहित्य आसपासचंच असावं, अशी त्यांची अट होती. बापूकुटीत चपला काढायला जागा आहे, पाहुण्याला बसायला आहे, आजारी माणसाला निजायला आहे, अंघोळीला आहे. प्रत्येक जागा माणसासाठी. इलिच यांचं म्हणणं थोडक्यात असं की आपण आता माणसांच्या नव्हे, सामानाच्या सोयीने घरं बांधतो, आणि सामान जितकं वाढेल तितकं आपण त्याच्या आधाराशिवाय उभं राहणं विसरतो. त्यांच्या भाषणातला भाग कुटीजवळ लावलेला आहे. शाळेच्या सहलीच्या गर्दीत तो फारसा कुणी वाचत नाही, पण घर आवरण्याच्या दोन दिवस आधी सेवाग्रामला जाऊन तो वाचावा असा आहे.

मात्र बापूकुटीतून निघून चार पावलांवरच्या कस्तुरबांच्या बा-कुटीत गेलं की दुसरी बाजूही आठवायला हवी, आणि ती गांधीजींनीच आत्मकथेत प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे.

१९०१ साली गांधी कुटुंब दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतायला निघालं. नाताळमधल्या हिंदी लोकांनी निरोपाच्या समारंभात सोन्या-चांदीच्या, हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा एक सोन्याचा हार होता. सार्वजनिक सेवेच्या बदल्यात दागिने घरी कसे न्यायचे, या विचाराने गांधीजी रात्रभर झोपले नाहीत. येरझारा घालत राहिले. शेवटी पारशी रुस्तमजी आणि इतर काही जणांना विश्वस्त करून सगळं त्यांच्या हवाली करायचं, असं त्यांनी पत्रच तयार केलं. मुलांची संमती सकाळी सहज मिळाली. कस्तुरबांची मिळेना.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुम्हाला नको असेल, मुलंही तुमच्या नादाने नको म्हणतील, पण उद्या सुना येतील त्यांचं काय? कुणाला ठाऊक उद्या काय वेळ येईल? प्रेमाने दिलेलं परत कशाला करायचं? गांधीजींनी विचारलं, हार तुझ्या सेवेबद्दल दिला की माझ्या? त्यावर कस्तुरबांनी रात्रंदिवस राबलेल्या स्वतःच्या कष्टांची आठवण करून दिली. तुमची सेवा ती माझीही सेवाच नाही का, असा त्यांचा सवाल होता. तो वर्मी लागला, असं गांधीजी लिहितात. पण निश्चय झालेला होता. कसाबसा तिचा होकार मिळवला, हेही तेच लिहितात. दागिने बँकेत गेले आणि लोकांच्या कामासाठी राहिले.

त्या दागिन्यांची व्यवस्था योग्यच झाली, हे बहुतेकांना पटेल. पण कस्तुरबांचा सवाल सव्वाशे वर्षांनंतरही तितकाच खरा आहे, आणि घरातली अडगळ काढताना नेमका तोच विसरला जातो. वस्तू कुणाची आणि ती सोडायचं ठरवणार कोण? वडील गेल्यावर पुण्याहून दोन दिवसांची रजा काढून आलेला मुलगा त्यांची वहीखात्यांची बासनं रद्दीत घालतो; आई दारात उभी असते, तिला कुणी विचारत नाही. नवी सून उत्साहाने फडताळ आवरते आणि सासूबाईंच्या माहेरचा फुलपात्राचा जोड मोडीत जातो. नवरा बायकोच्या कॉलेजातल्या डायऱ्या ‘जुना कचरा’ म्हणून बाहेर काढतो. घर सगळ्यांचं असलं तरी आठवण एकेकाची असते. दुसऱ्याची आठवण आपण आवरू नये. फार तर तिच्यासाठी एक पेटी ठरवून द्यावी आणि तीत काय ठेवायचं ते त्या माणसावर सोडावं.

वैद्यकशास्त्रही याच बाजूचं आहे. काही माणसांना निरुपयोगी वस्तूही टाकणं इतकं असह्य होतं की घरात चालायला वाट उरत नाही. २०१३ पासून हा स्वतंत्र मनोविकार म्हणून गणला जातो. अशा माणसाच्या पाठीमागे घर रिकामं करून टाकलं तर त्याचा त्रास वाढतो आणि घर काही दिवसांत पुन्हा भरतं. तिथे गरज असते ती उपचारांची. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी मनोविकार विभाग असतो. लाज न बाळगता तिथे जावं.

वर्ध्याच्याच जानकीदेवी बजाज यांची गोष्ट या प्रश्नाला आणखी एक पैलू देते. शेठ बच्छराजांच्या श्रीमंत घरात त्या लहान वयात सून म्हणून आल्या. पती जमनालालजींनी सोनं सोडण्याविषयी लिहिलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने उतरवले, ते कायमचे. पुढे पडदा सोडला. १९२१ च्या सुमारास विदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या तेव्हा घरातलं भारी कापडही आगीत गेलं. त्या काळी या होळ्यांवर मोठा वाद झाला होता. दीनबंधू अँड्र्यूज यांना कापड जाळणं पटत नव्हतं. रवींद्रनाथ ठाकूरही विरोधात होते. जाळण्यापेक्षा उघड्या गरिबांना का देऊ नये, हा साधा प्रश्न होता. गांधीजींचं उत्तर असं होतं की जे आपण स्वतःसाठी त्याज्य ठरवलं ते गरिबाच्या अंगावर घालणं हे त्याचा मान राखणं नव्हे.

आगीबद्दल मत काहीही असो, हे उत्तर आजच्या कपड्यांच्या ढिगाला नेमकं लागू पडतं. पूर आला, भूकंप झाला की ट्रक भरभरून जुने कपडे जातात, आणि त्यांत फाटके ब्लाउज, मळकी अंतर्वस्त्रं निघतात. ‘गूंज’ ही संस्था १९९९ मध्ये सुरू करणारे अंशू गुप्ता हेच वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की द्यायचं ते घेणाऱ्याचा मान राखून. जे घालण्यासारखं नाही त्या सुती कापडाचे त्यांच्याकडे धुऊन, निवडून पाळीच्या काळात वापरायचे पॅड बनतात. घरी हे जमत नसेल तर निदान एवढं करता येतं: धुतलेलं, बटणं असलेलं, न फाटलेलं वेगळं काढावं. बाकीची फडकी व्हावीत.

आणि उत्तम सुती साड्यांची गोधडी. आपल्याकडच्या बायकांनी आठवणींच्या वस्तूंवर शोधलेला हा सर्वांत सुंदर तोडगा असेल. आजीच्या दोन मऊ झालेल्या नऊवारी घ्यायच्या, मध्ये जुन्या कपड्यांचे थर घालायचे, चारी बाजूंनी आत आत येणारे धावदोऱ्याचे टाके घालायचे. साडी ट्रंकेत राहिली तर घडीवर विरते आणि तिला कसर लागते. गोधडी झाली की नातवंडाच्या अंगावर रोज असते. काठाची पट्टी वर दिसेल अशी लावली तर कुणाची साडी ते सांगताही येतं. आता गावोगाव पैसे घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बाया आहेत. त्यांना काम मिळतं, घरातली ट्रंक रिकामी होते. मात्र खऱ्या जरीची जुनी साडी असेल तर दारावर ‘जरी घेणार’ म्हणत येणाऱ्याला घाईने देऊ नये. तिच्यातल्या चांदीसाठी ती जाळली जाते आणि हातात पडते ती रक्कम बहुधा फार कमी असते.

सगळंच सोडायचं, असं वर्ध्याच्या या थोरांनीही कधी केलं नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. वर्ध्यात बरीच वर्षं राहिलेले काकासाहेब कालेलकर यांनी गांधीजींची एक आठवण लिहिली आहे. १९१५ ची मुंबई काँग्रेस. गांधीजी बसल्या जागी काहीतरी शोधत होते, अस्वस्थ होते. काकासाहेबांनी विचारलं तर म्हणाले, पेन्सिल. काकासाहेबांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण त्यांना ती नको होती. मद्रासला प्रकाशक नटेसन यांच्या लहान मुलाने मोठ्या प्रेमाने दिलेली ती पेन्सिल होती. ती हरवून कशी चालेल? दोघांनी मिळून शोधली. सापडली तेव्हा ती जेमतेम दोन इंचांचा तुकडा होती. हिऱ्याचे दागिने परत करणाऱ्या माणसाला एका मुलाचा दोन इंचांचा तुकडा सोडवत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावातून आल्या असाव्यात. हार मोठेपणासाठी आला होता, पेन्सिल निव्वळ मायेने.

कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसच्या कैदेत असताना वारल्या. धाप लागून निजवेना तेव्हा त्या एका छोट्या लाकडी मेजावर डोकं टेकून बसत. त्या गेल्यावर गांधीजी त्याच मेजावर जेवू लागले आणि ते त्यांना फार मोलाचं वाटे, असं तेव्हा तिथे असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी नमूद केलं आहे. माणूस गेल्यावर त्याची एक वस्तू रोजच्या वापरात ठेवणं आणि वीस वस्तू कुलपात ठेवणं, यांतलं पहिलं अधिक जिवंत आहे. सासऱ्यांचं घड्याळ दुरुस्त करून मुलाने मनगटावर बांधावं. आईचा पितळी डबा पुन्हा मिसळणाचा डबा व्हावा.

मोडलेल्या नात्यांच्या वस्तू याहून अवघड. मृत्यूनंतर मागे राहिलेल्या वस्तूभोवती घर एकत्र बसतं. घटस्फोटानंतर किंवा लग्न ठरून मोडल्यावर उरलेली वस्तू माणूस एकटाच लपवून ठेवतो. क्रोएशियातल्या झाग्रेब शहरात ओलिंका विष्टित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच या दोघांनी स्वतःचं नातं संपल्यावर असल्या वस्तूंचं प्रदर्शनच मांडलं. २००६ मध्ये पहिलं प्रदर्शन झालं, २०१० मध्ये कायमचं संग्रहालय उभं राहिलं. लोक जगभरातून वस्तू पाठवतात आणि सोबत तिची हकीकत लिहितात. नाव द्यावं लागत नाही. बर्लिनहून आलेली एक कुऱ्हाड तिथे आहे, जिने सोडून गेलेल्या जोडीदाराचं फर्निचर रोज थोडंथोडं फोडलं गेलं. या संग्रहालयाचं यश एका साध्या गोष्टीत आहे: वस्तू देण्याआधी तिची गोष्ट लिहून काढावी लागते. एवढं घरीही करता येतं. वही घ्यावी, हे काय आहे, कुणी दिलं, कधी, ते लिहावं. लिहून झालं की पुष्कळदा वस्तू ठेवायची गरज उरत नाही.

फोटो काढून ठेवण्यानेही हेच साधतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वसतिगृहांत झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देऊन टाकण्याआधी आठवणीच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा असं सुचवलेल्या विद्यार्थ्यांनी इतरांपेक्षा सुमारे १५ टक्के अधिक वस्तू दान केल्या.

इथे एक कायद्याची गोष्ट बजावून सांगायला हवी, कारण भावनेच्या भरात नुकसान होतं. लग्नात मुलीला माहेरून, सासरहून, आप्तेष्टांकडून मिळालेले दागिने आणि वस्तू हे तिचं स्त्रीधन. त्यावर केवळ तिची मालकी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात १९८५ मध्ये स्पष्ट केलं. ‘त्या घरातलं काहीच नको’ म्हणून मंगळसूत्रासकट सगळं मागे टाकून येणाऱ्या मुलीला हे माहीत असावं. हे सोनं मोडून शिक्षणाची फी भरली, शिवणयंत्र घेतलं, तर त्यात कुणाचा अपमान नाही. पत्रांचं मात्र निराळं. ती दोघांची असतात. ती इतरांना दाखवू नयेत, मोबाईलवर फिरवू नयेत. जाळायची असतील तर न वाचता जाळावीत. पत्राबाबत विनोबांचीही एक गोष्ट वर्ध्यात सांगतात. गांधीजींचं एक पत्र त्यांनी वाचून लगेच फाडून टाकलं. जमनालालजींचा मुलगा कमलनयन याने तुकडे जोडून पाहिले तर त्यात विनोबांची अपार स्तुती होती. आपल्या उपयोगाचं नाही म्हणून फाडलं, एवढंच विनोबांचं उत्तर.

प्रत्यक्ष कामाला बसताना क्रम उलटा लावू नये. जपानच्या मारी कोंडो घर आवरण्यावरच्या पुस्तकांनी जगभर प्रसिद्ध झाल्या. आठवणींच्या वस्तू अगदी शेवटी हाताळा, हा त्यांचा सल्ला पटण्यासारखा आहे. कपडे, भांडी, कागद यांवर निर्णय घेऊन घेऊन हात सरावतो. ट्रंक पहिल्याच दिवशी उघडली की काम तिथेच अडतं. कागदांत सातबारा, खरेदीखतं, जन्मदाखले, विम्याची कागदपत्रं आधी वेगळी काढावीत. रद्दीत गेलेलं खरेदीखत परत मिळवायला कचेरीचे खेटे पडतात. शेवटी ट्रंक उघडताना घरातली म्हातारी माणसं सोबत हवीत. फोटोंतल्या माणसांची नावं त्यांनाच माहीत असतात, आणि ती फोटोमागे पेन्सिलीने लिहून घेण्याची संधी दर दिवाळीला येत राहील असं नाही.

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटचं काम तर या वर्षीच करावं. व्हीसीआर बनवत राहिलेल्या शेवटच्या कंपन्यांपैकी फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत, आणि विदर्भातला उन्हाळा नि त्यानंतरची पावसाळी दमट हवा यांत माळ्यावरच्या टेपला बुरशी धरते. बुरशी दिसली तर ती घरच्या यंत्रात घालून पाहू नये, टेप तुटते. अजूनही जिल्ह्याच्या गावी जुने फोटो स्टुडिओवाले कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. एक प्रत मुलाकडे, एक मुलीकडे, एक घरात, आणि प्रत नीट चालते हे पूर्ण बघून झाल्यावरच मूळ कॅसेट ई-कचऱ्यात द्यावी.